मोडशी आणि ‘कुत्र्याचं मरण’

प्रश्न असा आला आहे : अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच प्रवासवर्णनाचा अनुवाद चालू आहे. त्यात हिंदुस्थानातल्या एका रोगाचं नाव ‘मोर-द-शियँ’ असं दिलं आहे. शब्दशः अर्थ ‘कुत्र्याचं मरण’. हा कोणता रोग, आणि मराठीत ‘श्वानमृत्यू’ लिहावं का?

श्वानमृत्यू मुळीच लिहू नका. या शब्दात कुत्रा नाही. तो आपलाच शब्द आहे, मोडशी. गोव्याहून पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फ्रेंचांकडे गेलेला.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. (पणजीच्या चर्चजवळची बाग त्याच्याच नावाची.) हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातल्या एका संवादात मध्येच एक नोकर धावत येतो : अमक्याच्या भावाला ‘मोर्शी’ झाली आहे, लगेच चला. मग पाहुणा वैद्य विचारतो, हा रोग कोणता? ऑर्ता सांगतो, आम्ही याला ‘कॉलेरिका पासिओ’ म्हणतो, इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात, आणि आमच्या लोकांनी त्याचं बिघडवून ‘मोर्देशी’ केलं आहे. आमच्या मुलखापेक्षा इथे हा रोग फार जहाल, बहुधा चोवीस तासांत माणूस जातो, असंही तो म्हणतो. त्याच्याही आधी, १५४३ च्या गोव्यातल्या साथीबद्दल लिहिताना गास्पार कोरैया या बखरकाराने हाच शब्द वापरला आहे. त्याने दिलेली लक्षणं म्हणजे ओकाऱ्या, न शमणारी तहान, तळपायापर्यंत गोळे, निस्तेज डोळे आणि काळी पडलेली नखं.

मोडशीचं मोर्शी का झालं? पोर्तुगीज जिभेला आपला मूर्धन्य ड नाही. कुणी त्याचा नुसता र ऐकला, कुणी र आणि द दोन्ही ऐकले. शेवटच्या ईकाराला नाकात ओढण्याची खोड तर पणजीलाही भोवली आहे. तिचं ‘पंजीं’ झालं आणि तेच पुढे इंग्रजांनी पंजिम म्हणून उचललं. तसंच मोर्देशीचं मोर्देशीं झालं. आता ‘मोर्देशीं’ मोठ्याने म्हणा आणि फ्रेंच माणसाच्या कानाने ऐका. त्याला स्वच्छ ‘मोर-द-शियँ’ ऐकू येणार! रोगही असा की सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री उरत नाही, म्हणून अर्थही त्याला पटला. न कळलेल्या परक्या शब्दात ओळखीचे शब्द ऐकू येणं, ही लोकव्युत्पत्ती. आपल्याकडेही ‘कुत्र्याच्या मौतीनं मेला’ म्हणतातच, त्यामुळे हा अर्थ मराठी अनुवादकालाही मोह पाडणारा आहे.

मूळ शब्द ‘मोडणे’पासून आला, असं बहुतेक कोशकार धरतात. शक्ती मोडून माणूस कोसळतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला स्वतःला ‘अंग मोडून येणं’ जास्त जवळचं वाटतं, कारण या रोगात हातापायांत येणारे गोळे कुणालाही आधी दिसतात.

तुम्हाला खरी अडचण पुढे येणार आहे. आज घरात ‘मोडशी झाली’ म्हणजे फणसाचे गरे जास्त झाले, पोट बिघडलं. ओवा चावा, आल्यालिंबाचा रस घ्या, लंघन करा. मग एवढ्या भयंकर रोगाचं नाव अजीर्णावर कसं आलं? शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात सौम्य झाला, असं म्हणून सुटता येईल, पण मला ते पटत नाही. आयुर्वेदात विसूचिका, म्हणजे जीवघेणी ढाळ-वांती, ही अजीर्णातूनच उद्भवते असं म्हटलं आहे. अजीर्णामुळे वायू अंगात सुयांनी टोचल्यासारखी पीडा करतो, म्हणून विसूची. म्हणजे साधं अजीर्ण आणि प्राणघातक ढाळ-वांती ही वैद्यांच्या लेखी एकाच वाटेवरची दोन ठिकाणं होती, आणि ‘मोडशी’ त्या सगळ्या वाटेचं नाव होतं. याला फ्रेंच साक्षही आहे : १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात पिएर सोनरा म्हणतो की हिंदुस्थानात ज्यांना मोर-द-शियँ म्हणतात ती अजीर्णं वारंवार होतात. तो चक्क अजीर्णंच म्हणतो, साथ नव्हे.

१८१७ साली बंगालमधून उसळलेली कॉलऱ्याची साथ जगभर गेली आणि जीवघेण्या टोकाला वेगळी नावं चिकटली. मराठीत पटकी, महामारी, देवघरात मरीआई, हिंदीत अरबीतून आलेला हैजा. मोडशीकडे मग राहिलं ते घरगुती टोक.

इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘कॉलरा’ तर ग्रीकांचा, आणि तोही चुकीच्या जागी बसलेला. ‘खोले’ म्हणजे पित्त. त्यांचा कॉलरा म्हणजे पित्त खवळून होणारी ढाळ-वांती. १८१७ नंतर तेच नाव या साथीला मिळालं, जिच्यात जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात, पित्ताचा रंगसुद्धा नसतो! याच ‘खोले’पासून कोलेस्टेरॉल आलं आहे, कारण तो पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडला. तिथे निदान नाव आणि वस्तू जुळतात.

तेव्हा तुमच्या अनुवादात ‘मोडशी’च लिहा. पटकी किंवा कॉलरा लिहिलंत, तर लेखकाने न केलेलं निदान त्याच्या गळ्यात पडेल. ज्या वाक्यात तो नुसत्या अपचनाबद्दल बोलत असेल तिथे तर अनर्थच होईल. फक्त पहिल्या उल्लेखापाशी एक तळटीप द्या आणि फ्रेंच रूप देवनागरीत नोंदवा, कारण लेखकाने पुढे कुठे कुत्र्यावरून कोटी केली असेल तर ती वाचकाला नाहीतर कळणार नाही.