गिळायला त्रास असलेल्या आजी-आजोबांचं जेवण: सुरुवातीला एवढं सांभाळा

ताई, घाबरू नका बाप्पा, हळूहळू हात बसतो. मी वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये बरीच वर्षं हेच करून राहिली म्हणून सांगते, खाणं-पिणं किती घट्ट-पातळ त्याच्या 0 ते 7 अशा लेव्हल असतात, त्यातली 4 म्हणजे पेस्टसारखं जेवण, आधी तेच नीट जमवा. कोणाला काय द्यायचं ते स्पीच थेरपिस्ट (बोलणं अन गिळणं तपासणारी) ठरवते, आपल्या अंदाजानं बदलायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पातळ वरण अन भात. मऊ आहे म्हणून देतो आपण, पण वरण आधी घशात उतरतं अन शितं तोंडात मागे राहतात, तिथेच ठसका लागतो. दोन्ही एकत्र बारीक फिरवा, गाळणीतून काढा, मग चमचाभर घेऊन चमचा तिरपा करा. गोळा एकदम सुटला पाहिजे, चिकटून राहिला तर घशातही चिकटेल, गरम वरण टाकून परत फिरवा (नुसतं पाणी नको, त्यानं अन्नातली ताकद कमी होते). वाढताना परत बघा, भात थंड झाला की गच्च होतो.

बाकी:
- तर्री-पोहे, संत्र्याची फोड नाहीच.
- भाजीची पेस्ट वेगळी वाढा, सगळं कालवू नका. आमच्या एक आजी भोपळ्याचा केशरी रंग दिसला की स्वतःहून तोंड उघडतात.
- सरळ बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

खाताना आवाज ओला, घरघरता आला तर लगेच थांबा अन सिस्टरला बोलवा.