आईचा गुडघा बदलल्यावर पायात रक्ताची गुठळी झाली. गोळी सुरू होऊन आठवडा झाला, सूज तशीच आहे. औषध लागू पडत नाही का? मालिश केलं तर चालेल का?

मालिशचं आधी सांगते: अजिबात नको. माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा नवव्या दिवशी पोटरी टणक लागायला लागली. जाऊबाई तिळाच्या कोमट तेलाची वाटी घेऊन पलंगावर बसल्यासुद्धा. सुनेने त्यांना थांबवलं आणि शिवणाची टेप आणली. उजवी पोटरी डावीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त भरली. दुपारी डॉपलर, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, तर गुठळी मांडीपर्यंत पोचलेली. चोळताना तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता तर जिवावरच बेतलं असतं.

आता सूज. गोळीने गुठळी विरघळते अशीच माझीही समजूत होती. पण गोळी फक्त गुठळी वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. झालेली गुठळी शरीरच हळूहळू जिरवतं, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. माझा घोटा चार महिने रोज संध्याकाळी जड व्हायचा.

मला रिव्हारोक्साबान नावाची गुठळीवरची गोळी होती. पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅमची दोनदा, मग 20 ची एकदा, तीही जेवणासोबतच, कारण रिकाम्या पोटी ती नीट अंगी लागत नाही. आईंना वॉरफरिन ही दुसरी गोळी दिली असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा असर कमी होतो, तरी पालक-मेथी बंद करू नका, फक्त एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही असं नको. ऑपरेशनमुळे झालेल्या गुठळीला बहुधा 3 महिने औषध चालतं. हिरड्यांतून जरा रक्त आलं म्हणून मी दोन दिवस गोळी परस्पर बंद केली होती. डॉक्टरांनी असं फैलावर घेतलं की बास! गुडघा दुखतोय म्हणून डायक्लोफिनॅकसारखी गोळीही विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

एरवी रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या एकाच जागी टेपने मोजून कॅलेंडरवर आकडे लिहा. पुढच्या तपासणीला ते कॅलेंडरच घेऊन जा.