जीवाणू ओळखायच्या टेस्टचा एका पानात मावणारा तक्ता मिळेल का?

प्रश्न असा आहे: 'इंदुरात डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. महत्त्वाच्या जीवाणूंच्या टेस्ट डोक्यात राहत नाहीत. एका पानाचा तक्ता द्याल का? आणि कोअ‍ॅग्युलेजची ट्यूब दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचायची, असं आम्हाला शिकवलंय. तेवढं पुरतं ना?'

नाही पुरत. तक्त्याचं नंतर बघू. शेवटी तुम्ही जे जाता जाता विचारलंय, त्यावरून मी आजवर बऱ्याच जणांशी वाद घातलाय, म्हणून आधी तेच.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू कोअ‍ॅग्युलेज सोडतो. ते प्लाझ्मामधल्या प्रोथ्रॉम्बिनला चिकटतं, फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं आणि गुठळी धरते. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण याच जीवाणूच्या पुष्कळ स्ट्रेन स्टॅफिलोकायनेजही सोडतात. त्यामुळे प्लाझ्मामधला प्लाझ्मिनोजेन जागा होतो आणि धरलेली गुठळी विरघळवून टाकतो. म्हणजे ट्यूब दोन तासांनी घट्ट, चार तासांनी घट्ट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यासारखी पातळ. फक्त सकाळी बघणारा माणूस 'निगेटिव्ह' लिहून मोकळा होतो. उन्हाळ्यात सकाळी लावलेलं दही दुसऱ्या दिवशी उघडलं आणि नुसतं पाणी दिसलं, तर दही लागलंच नव्हतं असं घरात कोणी म्हणत नाही. लॅबमध्ये मात्र म्हणतात.

एक ब्लड कल्चर (रक्तातला जीवाणू वाढवून बघणं) सांगतो, म्हणजे नुकसान कुठवर जातं ते दिसेल. दोन वेगवेगळ्या हातांतून घेतलेल्या दोन्ही बाटल्या पॉझिटिव्ह. ग्राम स्टेनमध्ये (जीवाणू रंगवून बघताना) पुंजक्यातले ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय, म्हणजे गोल जीवाणू, कॅटलेज पॉझिटिव्ह, स्लाइड कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह. ट्यूब लावली दुपारी चारला, पाहिली दुसऱ्या दिवशी नऊला, पातळ होती. रिपोर्ट गेला: 'कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस, बहुधा त्वचेवरचा, क्लिनिकशी ताडून पाहा.' त्याच प्लेटवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती झोन (जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) होता २३ मिलिमीटर. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्हसाठी २४ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट (औषधाला न जुमानणारा), म्हणून 'मेथिसिलिन रेझिस्टंट' असंही लिहिलं गेलं. पण ऑरियससाठी २२ पासून पुढे सेन्सिटिव्ह! तोच २३ चा झोन, नुसतं नाव बदललं की उत्तर उलटं. एका ट्यूबने दोन चुका करवल्या: ज्याला क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिन चाललं असतं त्याला एकतर व्हॅन्कोमायसिन लागेल, नाहीतर 'कंटॅमिनेशन आहे' म्हणून काहीच दिलं जाणार नाही. रक्तात ऑरियस सापडला तर तो कंटॅमिनेशन म्हणून सोडायचा नसतो. निदान १४ दिवस शिरेतून औषध आणि हृदयाच्या झडपांची तपासणी, इतकं ते गंभीर असतं.

त्याच कॉलनीची ट्यूब पुन्हा सकाळी साडेनऊला लावली. साडेअकराला गुठळी धरू लागली होती, दीडला ट्यूब आडवी केली तरी हलेना, संध्याकाळी कडेने पाणी सुटलं, दुसऱ्या सकाळी पुन्हा पातळ. डीएनेज प्लेट (ऑरियससाठीची आणखी एक टेस्ट) पॉझिटिव्ह. तरी त्या लॅबमधून उत्तर काय, तर 'पुस्तकात २४ तास लिहिलंय.' लिहिलंय, पण पूर्ण वाक्य असं आहे की ३५ ते ३७ अंशांवर चार तासांपर्यंत दर तासाला बघा, आणि तरीही निगेटिव्ह असेल तर खोलीच्या तापमानाला ठेवून २४ तासांनी पुन्हा बघा. २४ तास हे सावकाश गुठळी धरणाऱ्या थोड्या स्ट्रेनसाठी आहेत. चार तासांचं वाचन गाळून त्याच्या जागी वापरण्यासाठी नाहीत.

आता 'खोलीचं तापमान'. पुस्तकातली खोली २२ ते २५ अंशांची असते. मे महिन्यात इंदुरात एसी नसलेली खोली दुपारी ३८ वर असते आणि रात्रीही फारशी उतरत नाही. अशा बेंचवर ठेवलेली ट्यूब म्हणजे इन्क्युबेटरमध्येच ठेवलेली ट्यूब. स्टॅफिलोकायनेजचं काम रात्रभर चालूच. पूर्वी माळव्याच्या रात्री गार असायच्या म्हणतात. असतील, एप्रिल-मेमध्ये त्यावर विसंबू नका.

सकाळची पद्धत निघाली कुठून, हेही उघड आहे. ट्यूब दुपारी चारला लावली तर चार तासांचं वाचन रात्री आठला येतं, आणि तेव्हा लॅबला कुलूप असतं. यात शास्त्र कुठे नाही, ड्यूटीची वेळ आहे.

करायचं असं. ईडीटीए घातलेला सशाचा प्लाझ्मा ०.५ मिलिलिटर, त्यात ब्लड अ‍ॅगरवरच्या ताज्या, १८ ते २४ तासांच्या दोन-तीन कॉलन्या मिसळायच्या. सोबत एक ऑरियसची ट्यूब (प्रमाणित स्ट्रेन एटीसीसी २५९२३), एक एपिडर्मिडिसची (एटीसीसी १२२२८) आणि एक नुसत्या प्लाझ्माची. बघताना हलवायची किंवा टिचकी मारायची नाही, हळूच तिरकी करायची. नुकती धरलेली गुठळी हलवली की मोडते आणि पुन्हा धरत नाही. थोडी जरी खरी गुठळी असली तरी पॉझिटिव्ह. धाग्यांसारखा किंवा चुऱ्यासारखा साका ही गुठळी नव्हे. सायट्रेटचा प्लाझ्मा टाळा: एन्टरोकॉकस किंवा स्यूडोमोनाससारखा सायट्रेट खाणारा जीवाणू मिसळला असेल तर कॅल्शियम मोकळं होतं आणि कोअ‍ॅग्युलेज नसताना गुठळी दिसते. ब्लड बँकेतून मुदत संपलेल्या पिशवीचा माणसाचा प्लाझ्मा आणण्याची सवय तर साफ वाईट. त्यात अँटिबॉडी असतात, सायट्रेट असतंच, शिवाय कावीळ आणि एचआयव्हीची भीती. पैसे वाचतात हे खरं.

स्लाइड टेस्टवर एकट्यावर विसंबू नका. ती क्लम्पिंग फॅक्टर (जीवाणूच्या अंगाला चिकटलेलं प्रथिन) बघते, सुटं कोअ‍ॅग्युलेज नाही. साधारण १० ते १५ टक्के ऑरियस तिच्यात निगेटिव्ह येतात, उलट लुग्डुनेन्सिस हा दुसरा स्टॅफ पॉझिटिव्ह येऊ शकतो. आधी नुसत्या सलाइनमध्ये कॉलनी मिसळून बघा, आपोआप गोळा होत असेल तर ती टेस्ट रद्द. मॅनिटॉल सॉल्ट अ‍ॅगरवरून कॉलनी उचलायचीच नाही, ७.५ टक्के मिठामुळे ती तशीच गोळा होते. आणि त्या अ‍ॅगरवर पिवळं म्हणजे ऑरियस हेही सरसकट खरं नाही, सॅप्रोफिटिकस हा स्टॅफही पिवळं करतो. त्याला नोव्होबायोसिनच्या ५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कने वेगळं काढा, तो रेझिस्टंट असतो.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर इन्क्युबेटरचं सांगून टाकतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. खोली ३९ ची असेल तर काट्यावर ३५ लावूनही आत ३५ होणार नाही. आणि एमआरएसएची (मेथिसिलिन रेझिस्टंट ऑरियसची) सेफॉक्सिटिन डिस्क ३५ अंशांच्या वर ठेवली की रेझिस्टन्स झाकला जाऊ शकतो. एकतर बीओडी (थंडही करू शकणारा इन्क्युबेटर) घ्या, नाहीतर त्या खोलीत एसी चालवा, आणि आत थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा. दारावरचा डिजिटल आकडा सेन्सरजवळची हवा सांगतो, प्लेटचं तापमान नाही. हीच गरमी ग्राममध्येही नडते: आयोडीन फिकट होतं आणि ग्राम पॉझिटिव्हसुद्धा रंग सोडून गुलाबी दिसतात. अ‍ॅसिटोन वापरत असाल तर एक-दोन सेकंद, त्यापुढे नको. ९५ टक्के अल्कोहोल असेल तर थोडा जास्त वेळ चालतो. आयोडीन चहाच्या रंगाचं राहिलं नाही की फेका. दर बॅचला एका स्लाइडवर ऑरियस आणि ई. कोलाय शेजारी शेजारी लावा.

आता तुमचा तक्ता. पानभर देत नाही, कारण त्यातल्या थोड्याच टेस्ट खऱ्या वळणावर उभ्या असतात. ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय असतील तर कॅटलेज: ३ टक्के पेरॉक्साइड, कॉलनी लाकडी काडीने उचला, नायक्रोम लूपने बुडबुडे फसवे येतात, आणि ब्लड अ‍ॅगरमधलं रक्त सोबत उचललं तरीही येतात. पॉझिटिव्ह म्हणजे स्टॅफ, पुढे वरची सगळी कहाणी. निगेटिव्ह म्हणजे स्ट्रेप किंवा एन्टरोकॉकस. तिथे बीटा हिमोलिसिस (कॉलनीभोवती रक्त पूर्ण विरघळणं) आणि बॅसिट्रॅसिन ०.०४ युनिटला सेन्सिटिव्ह तर ग्रुप ए कडे चला, कॅम्प टेस्टमध्ये (ऑरियसच्या रेघेशेजारी लावून) बाणासारखं दिसलं तर ग्रुप बी, बाइल एस्क्युलिन काळं आणि ६.५ टक्के मिठात वाढ तर एन्टरोकॉकस. हिमोलिसिस अल्फा (हिरवट) असेल तर ऑप्टोचिन: ६ मिलिमीटरच्या डिस्कभोवती १४ किंवा जास्त झोन म्हणजे न्यूमोकॉकस, पण ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवूनच. साध्या हवेत झोन मोठे येतात आणि व्हिरिडन्स स्ट्रेपला न्यूमोकॉकस म्हटलं जातं. १४ पेक्षा कमी झोन असेल तर बाइल सोल्युबिलिटी करा. हिमोलिसिस मेंढीच्या रक्तावर वाचा, माणसाच्या रक्तावर नाही.

ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय (काडीसारखे जीवाणू) असतील तर पहिली ऑक्सिडेज, १० सेकंदांत जांभळं झालं तरच पॉझिटिव्ह. मॅककॉन्कीवरच्या गुलाबी कॉलनीवरून करू नका, आम्लामुळे चुकीची निगेटिव्ह येते. रिएजंट स्वतःच जांभळं पडलं असेल तर ते फेकायचं. मग टीएसआय (साखरा आणि लोह घातलेल्या अ‍ॅगरची तिरकी ट्यूब) १८ ते २४ तासांच्या दरम्यान वाचा. लवकर वाचलं तर सगळंच पिवळं, उशिरा वाचलं तर वरचा पिवळा उतार पुन्हा लाल होतो. लाल उतार, पिवळं बूड, गॅस नाही आणि सांध्यावर इवलासा काळा ठिपका म्हणजे टायफीचा (टायफॉइडच्या साल्मोनेलाचा) संशय. ओ अँटिजेन ओळखणाऱ्या सीरमने गोळा होत नसेल तर बाहेरच्या व्हीआय (Vi) अँटिजेनने झाकलं असू शकतं. सस्पेन्शन १०० अंशांवर १० ते १५ मिनिटं उकळा आणि पुन्हा लावा. बाकी इंडोल, सायट्रेट, युरिएज कोणत्याही पुस्तकात मिळेल.

दोन सावधगिरी राहिल्या. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना रेझिस्टंट पण को-अमॉक्सिक्लॅव्हला सेन्सिटिव्ह असा 'स्यूडोमोनास' दिसला, विशेषतः मधुमेह असलेल्या शेतकऱ्याच्या पुवात किंवा रक्तात, तर तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय (मेलिओइडोसिसचा जीवाणू) धरून सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्या. बारीक, सावकाश वाढणारे, युरिएज झटपट देणारे कॉकोबॅसिलाय आणि घरी गुरं असलेला पेशंट असेल तर ब्रुसेला धरा. दोन्ही प्लेटा हुंगायच्या नाहीत, श्वासातून लागण होऊ शकते. मोठ्या लॅबमध्ये मशीन नाव सांगतं हे मान्य, पण त्यात भेसळ असलेली कॉलनी घातली तर तेही चुकीचंच नाव सांगेल. आणि माझं चार तासांचं भांडण तुमच्या लॅबमध्ये लेटेक्स (ऑरियस ओळखायची तयार टेस्ट) आणि डीएनेज दोन्ही रोज होत असतील तर तितकं तीव्र नाही, हेही मान्य.

तरी ट्यूब सकाळी साडेनऊच्या आत लावा, दीडला जेवायला जाण्याआधी चौथं वाचन होतं. प्रत्येक ट्यूबवर चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहा. तुमच्या सरांना पटत नसेल तर गुठळी विरघळवणारी एक स्ट्रेन शोधून तिच्या दोन ट्यूब लावा आणि दीड वाजता त्यांना बोलवा.