लेसर बंद, तरी करंट येतो कुठून?

प्रश्न: सर, मी एमएस्सी फिजिक्सला आहे, कोथरूडला राहते. अ‍ॅक्सिलरेटरच्या इलेक्ट्रॉन गनमध्ये फोटोकॅथोडवर लेसर पाडून इलेक्ट्रॉन काढतात, पण लेसर बंद असला तरी थोडा करंट येतो असं वाचलं. तो कमी कसा करतात?

उत्तर: अगं, हे फील्ड एमिशन, म्हणजे जोरदार विद्युत क्षेत्रामुळे (फील्डमुळे) धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं. कॅथोड, म्हणजे गनमधला ऋण इलेक्ट्रोड, आरशासारखा दिसला तरी कुठेतरी बारीक टोक नाहीतर धुळीचा कण असतोच, तिथे फील्ड कैकपट वाढतं आणि इलेक्ट्रॉन टनेलिंग करून, म्हणजे ऊर्जेची भिंत न चढता तिच्यातून आरपार जाऊन निसटतात, फाउलर आणि नॉर्डहाइम या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्येच याचं गणित मांडलंय. व्होल्टेज जरासं वाढवलं की करंट भसाभस वाढतो, व्हॅक्यूम बिघडतं आणि फोटोकॅथोडचं आयुष्य घटतं.

एकदा तांबट आळीत जा, लख्ख घासलेल्या तांब्यावरून नख फिरव, कुठेतरी अडकेलच, इथे त्याहून कितीतरी बारीक ओरखडाही नडतो. म्हणून कडा गोल ठेवतात, डायमंड पेस्टने पॉलिश करतात, शुद्ध पाण्याचा जोरदार फवारा मारतात आणि जोडणी क्लीनरूममध्येच. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबने स्टीलऐवजी नायोबियम हा धातूही वापरून बघितलंय. तरी टोकं उरतातच, मग व्होल्टेज लावून थोडासा क्रिप्टॉन किंवा हीलियम सोडतात, निसटलेल्या इलेक्ट्रॉनमुळेच गॅसचे आयन बनतात आणि ते उलटे येऊन त्याच टोकाला झिजवतात, मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.