बहिर्मुखतेत ५० पैकी २७ आले, म्हणून सेल्स सोडायचं का?

तुम्ही विचारलंय: ऐरोलीतल्या एका कंपनीच्या सेल्स भरतीत दहा विधानांची चाचणी घेतली, बहिर्मुखतेत २७ गुण आले, 'इन्ट्रोव्हर्ट' (अंतर्मुख) असा शेरा मारून नाव वगळलं. आता हे गुण वाढवता येतात का, की सेल्सचा नादच सोडू?

वाढवायचं नंतर बघू, आधी तो शेरा. २७ वर 'इन्ट्रोव्हर्ट' लिहिणाऱ्याला चाचणी वाचता येत नाही, हे मी जबाबदारीने लिहितेय.

विधानं दहा, प्रत्येकाला १ ते ५. म्हणजे कमीत कमी १०, जास्तीत जास्त ५०, मध्य ३०. वर्णनावरून ही आयपीआयपी या स्वभाव-चाचण्यांच्या खुल्या संग्रहातली फुकट मिळणारी यादी वाटते. तिच्यात पाच विधानं सुलट असतात आणि पाच उलट, 'मी फारसं बोलत नाही' अशी. उलट विधानाचं उत्तर ६ मधून वजा करून घ्यायचं असतं. एक्सेलमध्ये सरळ बेरीज मारली की काय होतं बघा: अत्यंत बोलक्या माणसाचे पाच पंचे २५ आणि उलट विधानांचे ५, एकूण ३०. अत्यंत अबोल माणसाचेही ५ आणि २५, एकूण ३०! तेव्हा तुमची मूळ उत्तरं मागून घ्या आणि स्वतः बेरीज करा.

बेरीज बरोबर निघाली तरी दहा विधानांच्या चाचणीत दोन-तीन गुण सहज इकडेतिकडे होतात. रात्रपाळी करून भरलेली उत्तरं आणि रविवारी भरलेली उत्तरं सारखी येत नाहीत. शिवाय ३० हा पट्टीचा मध्य आहे, लोकांची सरासरी नव्हे. तुमच्या वयाच्या, तुमच्या भाषेतल्या लोकांशी तुलना केल्याशिवाय २७ म्हणजे कमी की जास्त, हे कळतच नाही. आणि भाषेचं म्हणाल तर 'पार्टीत जान आणणारा मीच' अशा अर्थाचं इंग्रजी विधान मराठी माध्यमातला मुलगा शब्दशः घेतो, पार्ट्यांना जात नाही म्हणून १ देतो, आणि नाहक गुण गमावतो.

दुसरं, बहिर्मुखता म्हणजे नुसती बडबड नव्हे. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ च्या २४० विधानांच्या चाचणीत तिचे सहा पैलू आहेत: जिव्हाळा, माणसांत रमणं, ठामपणा, लगबग, थराराची ओढ, आनंदी वृत्ती. दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडच्या गर्दीत रमणारा एखादा भाव सांगताना कचरतो. एपीएमसीच्या घाऊक बाजारात रुपयाही न सोडणारा व्यापारी घरी गेल्यावर कुणाशी बोलत नाही. सेल्सला यातला ठामपणा जास्त लागतो, आणि दहा विधानांच्या एका बेरजेतून तो वेगळा काढता येत नाही.

इथे ठाण्यातल्या एका भरती सल्लागाराशी असलेला माझा जुना वाद येतो. त्यांचं ठाम मत: सेल्सला 'चार्ज असलेला', म्हणजे अगदी बहिर्मुख माणूसच हवा. पण २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रांट यांनी अमेरिकेतल्या फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचे तीन महिन्यांचे आकडे तपासले. सर्वांत जास्त विक्री मधल्या लोकांची निघाली, अगदी बहिर्मुख असलेल्यांपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त. कारण समजण्यासारखं आहे: फार बोलणाऱ्याला गिऱ्हाइकाची अडचण ऐकूच येत नाही. तुमचे २७ निदान पट्टीच्या मध्याच्या तरी जवळच आहेत. सल्लागारसाहेबांचं ऐकलं तर नेमकी मधलीच माणसं गाळली जातात.

हा एकाच कंपनीचा अभ्यास आहे, हेही सांगते. गटात पुढारी म्हणून पुढे येण्यात बहिर्मुख लोकांना खरोखर फायदा होतो, हेही नाकारत नाही. आणि लाजाळूपणा वेगळा: लोकांसमोर छाती धडधडत असेल तर तो भीतीचा प्रश्न आहे, त्यावर सरावाने आणि गरज पडल्यास समुपदेशनाने काम होतं.

गुण वाढवायचेच तर उत्तरं बदलून पाच मिनिटांत वाढतील, कोणतं उत्तर हवंय ते कुणालाही दिसतं. म्हणूनच एवढ्यावर माणूस गाळू नये. स्वभाव सहसा हळू बदलतो, वागणं मात्र दिवसातही बदलतं; एकच माणूस सकाळी गप्प आणि दुपारी मोकळा असतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्लीसन यांनी २००१ मध्ये मोजून दाखवलंय. पुढच्या मुलाखतीत खोटा कॉल करून दाखवायची संधी मागा: दहा मिनिटं, समोर नकार देणारं गिऱ्हाईक. पहिल्या दोन मिनिटांत तीन प्रश्न विचारा, किंमत शेवटी सांगा. आणि त्या कंपनीला एक ओळ लिहून विचाराच: २७ ची तुलना कोणत्या गटाशी केली होती?