स्ट्रायकरचा राइट बॅक केला, उंची १६८ सेंमी: फुटबॉलपटू पुयोलकडे बघा

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं ठसठसलं. तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा, परवापर्यंत फुटबॉलमध्ये स्ट्रायकर (पुढे राहून गोल करणारा), कोचने राइट बॅकला (उजव्या बाजूच्या बचावाला) टाकला आणि वर कुणीतरी ऐकवलं की १६८ सेंमी उंचीचा डिफेंडर चालत नाही.

स्पेनचा डिफेंडर कार्लेस पुयोल लहानपणी गोलकीपर होता, मग फॉरवर्ड. १९९५मध्ये सतराव्या वर्षी बार्सेलोना क्लबच्या अकादमीत आला. तिथे आधी मिडफिल्ड, मग राइट बॅक. स्पॅनिश लीगमधला पहिला सामना ऑक्टोबर १९९९मध्ये, वय २१. पुढे सेंटर बॅक (बचावाच्या मधोमध), २००४पासून कप्तान, एकाच क्लबकडून ५९३ सामने. २००९ची चॅम्पियन्स लीगची रोममधली फायनल आली, नेहमीचा राइट बॅक आल्वेस निलंबित, तर हा कप्तान मुकाट्याने पुन्हा राइट बॅकला. तेव्हा जागा बदलली म्हणून रडू नका.

आता उंची. पुयोल १७८ सेंमी. समोर जर्मनीचा डिफेंडर मेर्टेसाकर १९८. तरी २०१०च्या वर्ल्डकप सेमीफायनलला, डर्बनमध्ये, ७३व्या मिनिटाला सहकारी शावीच्या कॉर्नरवर हेडरने गोल पुयोलचाच. तो गोलसमोरच्या घोळक्यात उभाच नव्हता. बॉक्सच्या कडेवरून धावत आला आणि शेजारी उडणाऱ्या आपल्याच संघातल्या पिकेच्याही वर गेला. उभ्या जागेवरून उडणारा धावत येणाऱ्यापुढे कमीच पडतो. शिवाय मार्करला (अंगावर पहारा ठेवणाऱ्याला) बॉल आणि माणूस एकाच वेळी दिसत नाही.

आमची घोडचूक हीच, की एका अकादमीच्या कार्यालयात भिंतीवरची उंचीची पट्टी बघून आमच्या पोराचं नाव खोडलं आणि आम्ही ते मनावर घेतलं. बॉलला पाय लावायला कुणी सांगितलं नाही, फॉर्म परत मागितला तर "साहेब नाहीत". मग अख्खं वर्ष बारला लटकणं आणि उंचीच्या पावडरी. पावडरने फक्त खिसा हलका झाला. त्या वर्षात वळणं, पहिली पाच पावलं आणि डावा पाय घोटायला हवा होता.

हे करून घ्या (कोच वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका, तो मुलाला रोज बघतो). पेनल्टी बॉक्सच्या रेषेबाहेर उभं करा. कॉर्नर मारणाऱ्याचा पाय बॉलला लागला की मगच निघायचं. आधी निघाला तर बॉलखाली सापडतो, मग मान मागे टाकून हेडर वर उडतो. एका पायावर उडी, डोळे उघडे, कपाळ बॉलच्या वरच्या भागावर. आठवड्यातून एकच दिवस, दहा हेडर, बस्स. या वयात डोक्यावर जास्त मारा नको. राइट बॅक म्हणून विंगरसमोर (कडेने चढाई करणाऱ्यासमोर) छाती सरळ करून उभा राहू नये. तिरकं उभं राहून, दीड-दोन मीटर अंतर ठेवून त्याला टचलाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे) रेटायचं. सरळ उभा राहिला की बॉल दोन पायांमधून गेलाच समजा.

मी डॉक्टर नाही, पण गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखत असेल तर उड्या ताबडतोब बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. गोळी खाऊन खेळवू नका. पुयोललाही शेवटी गुडघ्यानेच बसवलं: २०१२चा युरो कप हुकला, २०१४मध्ये खेळ थांबला. आणि मैदान कडक मातीचं असेल तर लांब स्टडचे बूट नकोत, आखूड रबरी स्टडचे घ्या.

डाव्या पायाने वीस मीटरचा पास नीट जातो का, ते कळवा. पुढचं त्यावर सांगतो.