रिओ ऑलिम्पिकमध्ये दहावी आलेल्या ललिता बाबरचं एवढं कौतुक का होतं?

कारण ती अंतिम फेरीत पोचली, आणि ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी 1984 मध्ये दिसली होती, पी. टी. उषा. म्हणजे मध्ये 32 वर्षं गेली.

दहावा नंबर ऐकायला किरकोळ वाटतो, पण शर्यत कुठली ते बघा. 3000 मीटर स्टीपलचेस : 28 लाकडी अडथळे, शिवाय 7 वेळा पाण्यावरून उडी. भिजलेले बूट घेऊन पुढचा अडथळा गाठायचा, तोही लय न मोडता. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी मूळची मॅरेथॉनवाली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली. स्टीपलचेसकडे वळल्यावर 2014 च्या आशियाई खेळांत कांस्य, 2015 ला वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. रिओच्या प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. (मला तर अंतिम फेरीपेक्षा हीच धाव भारी वाटते, अंतिम फेरीत ती 9:22.74 मध्ये आली, जवळजवळ तीन सेकंद जास्त.)

एक मात्र लक्षात घ्या, तो विक्रम आता तिच्या नावावर नाही. 2023 मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने 9:15.31 वेळ देऊन तो मोडला. आकडे अधिकृत निकालांतले आहेत.